टेस्ट स्टँड निवडण्याआधी : लँग्लेचा लोलक आणि राईट बंधूंच्या वाळूच्या पिशव्या

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, मॉडेल विमानाच्या १० सीसी इंजिनासाठी टेस्ट स्टँड हवाय. तयार विकत घेऊ की वर्कशॉपमधून बनवून घेऊ?"

मी विचारलं, "मोजायचं काय आहे?"

तो म्हणाला, "परफॉर्मन्स."

इथेच गाडी अडते. परफॉर्मन्स नावाची कुठलीही राशी नसते. थ्रस्ट असतो, टॉर्क असतो, मिनिटाला फेरे असतात, इंधनाचा खप असतो. यातल्या प्रत्येकासाठी वेगळी मांडणी लागते. त्याला किंमती सांगण्याऐवजी मी सव्वाशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली. तीच इथे जरा नीट लिहिते, कारण सेटअप आधी आणि प्रश्न नंतर ही चूक आपण सगळेच करतो.

आधी शाफ्टवरची शक्ती

इंजिनाची ताकद मोजायची एक जुनी आणि सोपी मांडणी म्हणजे प्रोनी ब्रेक. फ्रेंच इंजिनिअर गास्पार द प्रोनी याने ती १८२१ मध्ये सुचवली. फिरणाऱ्या शाफ्टवर लाकडी ठोकळे आवळायचे, त्यांना एक लांब दांडा जोडायचा आणि दांड्याच्या टोकाला वजन लावायचं. शाफ्ट दांड्याला आपल्यासोबत ओढू बघतो, वजन त्याला रोखून धरतं. दांडा स्थिर राहिला की वजन गुणिले दांड्याची लांबी म्हणजे टॉर्क. टॉर्कला कोनीय वेगाने गुणलं की शक्ती मिळाली. पुढचे बरेचसे डायनामोमीटर याच तत्त्वाचे वारसदार आहेत.

पण प्रोनीचा ब्रेक फक्त शाफ्टपाशी काय आहे ते सांगतो. त्या शक्तीचं प्रोपेलर काय करतो आणि विमान उडेल का, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

लँग्लेचा लोलक

सॅम्युएल लँग्ले हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ, १८८७ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. १८९० च्या दशकात ते वाफेच्या इंजिनावर चालणारी, माणूस नसलेली मॉडेल विमानं बनवत होते. इंजिन पुरेसं ताकदवान आहे का, हे उडवून बघायचं म्हणजे प्रत्येक वेळी मॉडेल मोडायचं. मग त्यांनी जमिनीवरच एक मांडणी केली.

इंजिन, बॉयलर, प्रोपेलर यांच्यासकट मॉडेल एका झुलणाऱ्या दांड्याला टांगायचं, म्हणजे एक मोठा लोलक करायचा. इंजिन चालू केलं की प्रोपेलर मॉडेलला पुढे ढकलतात आणि लोलक तिरका होतो. मग तो कोन मोजायचा. सोपं करून सांगते : थ्रस्ट दांड्याला काटकोनात असेल आणि दांड्याचं वजन सोडून दिलं, तर थ्रस्ट भागिले वजन म्हणजे त्या कोनाची साईन. लोलक ३० अंश वर गेला तर थ्रस्ट वजनाच्या निम्मा.

या स्टँडची गंमत बघा. तो हॉर्सपॉवर सांगतच नाही. इंजिन, प्रोपेलर, घर्षण, बॉयलरचं वजन या सगळ्यांचा मिळून एक आकडा देतो : वजनाच्या किती पट ढकल मिळते. लँग्लेंना नेमकं हेच हवं होतं. हवेत तरंगत राहायला वजनाच्या किती भागाइतका रेटा लागेल, याचा अंदाज त्यांनी आधीच फिरत्या भुजेवर पत्रे लावून केलेल्या प्रयोगांतून बांधला होता. ते काम १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे प्रश्न आधी ठरला, आणि स्टँड त्या प्रश्नाच्या मापाने शिवला गेला.

६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर त्यांचं पाच नंबरचं मॉडेल सुमारे १००० मीटर उडालं. वजन साधारण ११ किलो, इंजिन जेमतेम एका हॉर्सपॉवरचं.

उत्तम इंजिन, तरीही नदीत

यानंतर १८९८ मध्ये अमेरिकेच्या युद्ध खात्याने माणूस नेणाऱ्या विमानासाठी लँग्लेंना ५०,००० डॉलर दिले. इंजिनाचं काम न्यूयॉर्कच्या स्टीफन बाल्झर यांच्याकडे गेलं. करारात १२ हॉर्सपॉवर होती. प्रत्यक्ष चाचणीत ती मिळेना. इथे चाचणीने आपलं काम चोख केलं : कागदावरचा दावा उघडा पाडला. मग लँग्लेंचे सहायक चार्ल्स मॅनली यांनी ते इंजिन जवळजवळ नव्याने घडवलं. शेवटी पाच सिलिंडरच्या त्या पेट्रोल इंजिनाने ९५० फेऱ्यांना सुमारे ५२ हॉर्सपॉवर दिली, तीही सलग १० तासांच्या चाचण्यांत. नुसत्या इंजिनाचं वजन ५७ किलोच्या आसपास. त्या काळासाठी हा थक्क करणारा आकडा होता.

आणि ७ ऑक्टोबर १९०३ ला, पुन्हा ८ डिसेंबरला, मॅनलींसकट ते विमान हाऊसबोटीच्या छपरावरून सुटलं आणि सरळ नदीत गेलं. मॅनली दोन्ही वेळा वाचले. लँग्लेंनी दोष विमान सोडणाऱ्या यंत्रणेला दिला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी कमकुवत सांगाडा आणि अपुरं नियंत्रण यांकडे बोट दाखवलं. लांबी चौपट केली की पंखांचं क्षेत्रफळ १६ पट होतं, पण त्याच सामानाच्या, त्याच आकाराच्या सांगाड्याचं वजन ६४ पट होतं. छोट्या मॉडेलला जे पेललं ते मोठ्याला पेलेलच असं नाही.

कारण काहीही धरा, इंजिन दोषी नव्हतं. स्टँडने दिलेलं उत्तर बरोबर होतं. फक्त तेव्हा अडलेला प्रश्न इंजिनाचा राहिलाच नव्हता. सर्वात छान मोजलेली गोष्ट हीच सर्वात महत्त्वाची गोष्ट, असं वाटायला लागणं हा संशोधनातला फार जुना सापळा आहे.

वाळूच्या दोन पिशव्या

त्याच हिवाळ्यात किटी हॉकला राईट बंधूंकडे १२ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, मॅनलींच्या इंजिनाच्या पाव शक्तीहून कमी. त्यात विमान ठरवल्यापेक्षा जड झालं होतं. ऑक्टेव्ह शनूट हे अनुभवी इंजिनिअर त्यांना भेटायला आले आणि शंका काढली : इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत साखळीत वाया जाणारी शक्ती तुम्ही फक्त ५ टक्के धरली आहे, नेहमीचा हिशोब २० टक्क्यांचा असतो.

राईट बंधूंनी काय केलं? साखळी एका चक्रावर टाकली आणि दोन्ही बाजूंना वाळूची पिशवी टांगली. प्रत्येक पिशवीचं वजन जवळपास तेवढंच, जेवढा ताण प्रत्यक्ष चालताना साखळीवर येणार होता. मग एका बाजूला किती जादा वजन टाकलं की दुसरी बाजू उचलते ते पाहिलं. उत्तर आलं साधारण ५ टक्के.

मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. पद्धतीत चूक सापडत नसली तरी, इंजिन लावून प्रोपेलर खरोखर ठरलेले फेरे घेतात का हे बघेपर्यंत ते अस्वस्थच होते. नंतर तीही चाचणी झाली आणि सुमारे ६० किलो थ्रस्ट मिळाला, गरजेपेक्षा बराच जास्त. १७ डिसेंबरला ते उडाले.

मग आपला ज्युनिअर

आता १० सीसीच्या इंजिनाकडे येऊ. तीन पर्याय आहेत, आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

पहिला, जाड लाकडी ठोकळ्यावर इंजिन घट्ट बसवायचं आणि टॅकोमीटरने फेरे मोजायचे. प्रोपेलर तोच ठेवला तर दोन इंधनं किंवा दोन प्लग यांची तुलना एवढ्यावर होते. शक्ती साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणून फेऱ्यांतला ३ टक्के फरक म्हणजे शक्तीत सुमारे ९ टक्के.

दुसरा, इंजिन सरकत्या पाटावर बसवून मागे लोड सेल लावायचा. हा थ्रस्ट सांगतो, म्हणजे लँग्लेंच्या लोलकाचा नातू. यावर दोन प्रोपेलरची तुलना होईल, पण ती जागेवर उभ्या विमानासाठी. हवेत पुढे जाताना प्रोपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि थ्रस्ट घटतो. जमिनीवर पहिला आलेला प्रोपेलर वर पहिला येईलच असं नाही.

तिसरा, इंजिन बेअरिंगवर झुलत्या पाळण्यात ठेवायचं आणि त्याची उलटी पिळण्याची ओढ मोजायची. हा टॉर्क. शक्तीचा आलेख काढायचा असेल तरच याची खटपट करा.

कुठलाही घ्या, रोज सुरुवातीला आणि शेवटी माहीत असलेलं वजन लावून कॅलिब्रेशन तपासा. हवेचं तापमान आणि दाब लिहून ठेवा. समुद्रसपाटीच्या मुंबईपेक्षा पुण्याची हवा उंचीमुळेच सुमारे ५ टक्के विरळ असते, त्यामुळे दोन ठिकाणची रिडिंग्ज थेट शेजारी ठेवता येत नाहीत. आणि प्रोपेलर ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत कधीही उभं राहू नका.

ज्युनिअरचा खरा प्रश्न शेवटी असा निघाला : "एकाच इंजिनावर दोन प्रोपेलरपैकी टेकऑफला कोणता बरा?" त्याला पाळणा लागत नव्हता, महागडा स्टँडही नाही. सरकता पाट तो वर्कशॉपमध्येच करून घेतोय.

तुम्ही प्रपोजल लिहायला घ्याल तेव्हा सेटअपच्या आकृतीखाली दोन वाक्यं नक्की लिहा. हा सेटअप काय मोजतो, आणि काय मोजत नाही. दुसरं वाक्य लिहिताना पेन अडला, तर खरेदीची ऑर्डर थांबवा.