दुसऱ्याच्या कोठारावरचें दुकान

हिंगोली जिल्ह्यांतील वसमत तालुक्यांत हट्टा नांवाचें एक गांव आहे. संस्कृतांत 'हट्ट' या शब्दाचा अर्थ बाजार असा आहे, आणि आपल्या 'हाट' या शब्दांत तो अद्याप जिवंत आहे. त्यामुळें या गांवाचें नांव कानीं पडलें कीं माझ्या डोळ्यांपुढें आठवड्याचा बाजारच उभा राहतो. या बाजारांत एक माणूस हटकून भेटतो. तो स्वतः कांहीं पिकवीत नाहीं, कांहीं विणीत नाहीं. मोठ्या पेठेंतून तो गोणीनें मीठ आणतो व मापानें विकतो. ताग्यानें कापड आणतो व वारानें मोजून देतो. घाऊक दर आणि किरकोळ दर यांमधील अंतरावर त्याचा संसार चालतो. आज मी ज्याच्याविषयीं बोलणार आहे तो याच माणसाचा एक नवा वंशज आहे. त्याचा माल मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. तो संगणकांतली जागा विकतो.

हा माल कोणता तें आधीं सांगतों. दुकानाचें संकेतस्थळ, शाळेचे निकाल, दवाखान्याच्या नोंदी या सर्वांना एक असा संगणक लागतो, कीं जो रात्रंदिवस चालू राहील आणि ज्याच्यापर्यंत कोणालाही कोठूनही पोहोंचतां येईल. असा संगणक प्रत्येकानें आपल्या घरीं ठेवणें परवडत नाहीं. म्हणून मोठ्या कंपन्या प्रचंड इमारती बांधून त्यांत हजारों यंत्रें ठेवतात आणि त्यांची शक्ति भाड्यानें देतात. या व्यवस्थेला लोक 'क्लाउड', म्हणजे मेघ, असें काव्यमय नांव देतात. पण तिच्यांत आभाळाचें कांहीं नाहीं. दगडविटा, तारा, थंड हवेचीं यंत्रें आणि विजेचें भलें मोठें बिल यांचाच तो मेघ बनलेला असतो. छोटा व्यापारी ही शक्ति घाऊक घेतो, तिच्या लहान लहान खोल्या पाडतो आणि आपल्या नांवानें भाड्यानें देतो. त्याच्या दुकानांत मुनीम नसतो. मागणी घेणें, खोली उघडून देणें, बिल पाठविणें, पैसे जमा करणें आणि ते न आल्यास खोलीला कुलूप लावणें हें सारें एक हिशेबी प्रणाली आपोआप करते.

प्रश्न असा, कीं अशा व्यवहारांत ज्या ग्राहकानें वेळेवर पैसे भरले तो खरोखर सुरक्षित असतो काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यास इतिहास समर्थ आहे. कारण मधल्या माणसाचा अनुभव आपल्याला, आणि विशेषतः मराठवाड्याला, फार जुना आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सारावसुलीचा मक्ता देण्याची पद्धत बोकाळली होती. सरकारला आगाऊ रक्कम हवी असे. ती देणाऱ्या मक्तेदाराला तालुक्याची वसुली मिळे. ही रक्कम तो बहुधा सावकाराकडून उचलीत असे. म्हणजे शेतकरी आणि सरकार यांच्यामध्यें मक्तेदार, आणि मक्तेदाराच्या मागें सावकार, अशी उतरंड रचली गेली. अधिक रक्कम देऊं करणारा दुसरा कोणी पुढें आला, तर पहिल्याची मुदत संपण्याआधींच मक्ता त्याच्या हातून जाई. आपण किती दिवस राहूं याचा भरंवसा नसल्यामुळें जो तो मिळेल तेवढें ओरबाडून घेई. शेतकऱ्यानें सारा चुकता केला, तरी त्याची पावती नव्या मक्तेदाराला मान्य होईलच असें नसे. वरच्या दोघांच्या व्यवहारांत काय चाललें आहे हें त्या बिचाऱ्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

खुद्द निजाम सरकारही दुसऱ्या एका बिलाखालीं दबलें होतें. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचा खर्च निजामाकडून घेतला जात असे, आणि हिंगोली हें त्या फौजेच्या प्रमुख ठाण्यांपैकीं एक होतें. हें बिल थकत गेलें, आणि १८५३ च्या मे महिन्यांत वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन करून निजामाला त्यांतून सुटका करून घ्यावी लागली. त्याच महिन्यांत सालारजंग दिवाण झाले. त्यांनीं मक्त्याची पद्धत क्रमाक्रमानें मोडून काढली, वसुलीसाठीं पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्यें जिल्हाबंदी करून कारभाराला शिस्त लावली. त्यांच्या सुधारणेचें मर्म असें, कीं मधल्या माणसाला नियमांनीं आणि लेखी हिशेबानें बांधून टाकलें.

मधला माणूस लबाडच असतो असा मात्र यावरून ग्रह करून घेऊं नये. याच्या उलट उदाहरण मुंबईनें दाखविलें. १९१५ मध्यें खोपोली येथें टाटांचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें. लोणावळ्याच्या परिसरांत पडणारा पाऊस तलावांत साठवून त्याची वीज घाट उतरून गिरण्यांकडे जाऊं लागली. पुढें मुंबईची बेस्ट कंपनी टाटांकडून घाऊक वीज घेऊन ती घरोघर किरकोळ पुरवूं लागली. वीज एकाची, दुकान दुसऱ्याचें! तरीही हा व्यवहार नीट चालला, कारण प्रत्येक घराच्या भिंतीवर मीटर होता. ज्या आंकड्यावरून कंपनी बिल करीत असे तोच आंकडा ग्राहकही वाचूं शकत होता.

हीच गोष्ट पुढें टेलिफोनच्या बाबतींत घडली. मधल्या कारकुनाशिवाय परगांवीं थेट फोन लावण्याची सोय भारतांत प्रथम १९६० मध्यें लखनौ व कानपूर या शहरांदरम्यान झाली. १९८४ मध्यें सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या काळांत पिवळ्या पाट्यांचीं एसटीडीचीं दुकानें गांवोगांव उघडलीं. दुकानदाराची तार नव्हती, केंद्रही नव्हतें. तो सरकारचा फोन मिनिटा-मिनिटानें विकून आपलें कमिशन घेत असे. रात्रीं दर उतरले कीं तेथें रांग लागे. बोलणाऱ्याच्या समोर लाल आंकडे पळत आणि फोन ठेवतांच छापील बिल बाहेर येई. आपोआप बिल करणाऱ्या दुकानाशीं आपल्या खेड्यांची ओळख अशी झाली.

आतां संगणकाकडे वळूं. संगणकाची शक्ति विजेसारखी किंवा टेलिफोनसारखी लोकांना पुरवितां येईल, ही कल्पना जॉन मॅकार्थी या अमेरिकन पंडितानें १९६१ मध्येंच बोलून दाखविली होती. आपल्याकडे १९६४ मध्यें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि त्याचा उपयोग देशांतील इतर संस्थांनाही होऊं लागला. यंत्र एक, वापरणारे अनेक, ही व्यवस्था तेव्हांपासून आपल्या परिचयाची आहे. पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसाधारण लोकांसाठीं खुलें केलें, आणि १९९८ मध्यें या क्षेत्रांत खाजगी कंपन्यांना मुभा मिळाली.

त्याच १९९८ सालीं मुंबईंत भाविन आणि दिव्यांक तुरखिया या दोन तरुण भावांनीं वडिलांकडून २५,००० रुपये घेऊन डायरेक्टी ही कंपनी काढली. त्यांच्या एका शाखेचें नांवच रीसेलरक्लब, म्हणजे पुनर्विक्रेत्यांचें मंडळ, असें होतें. संकेतस्थळांचीं नांवें आणि जागा थेट ग्राहकांना विकण्याऐवजीं ज्यांना त्या विकावयाच्या आहेत अशा छोट्या व्यापाऱ्यांना घाऊक पुरवावयाच्या, हा तिचा धंदा. २०१४ मध्यें ही शाखा एका अमेरिकन कंपनीनें विकत घेतली. नाशिकला २००५ मध्यें पीयूष सोमाणी यांनीं ईएसडीएस ही कंपनी स्थापिली. ग्राहकाच्या कामाचा भार वाढेल तशी यंत्राची शक्ति आपोआप वाढवावयाची, भार उतरला कीं ती कमी करावयाची, आणि जेवढी वापरली तेवढ्याचेंच बिल करावयाचें, अशी योजना तिनें आंखली. २००६ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीनें तासाला दहा सेंट या दरानें संगणक भाड्यानें देण्यास सुरुवात केली. २०१५ मध्यें मायक्रोसॉफ्टचीं अशीं कोठारें पुणें, मुंबई व चेन्नई येथें आलीं. २०१६ मध्यें ॲमेझॉनचें मुंबईंत आणि २०२२ मध्यें हैदराबादेंत आलें. ज्या हैदराबादेकडे एके काळीं मराठवाड्याचा सारा जात असे, तेथेंच आज मराठवाड्यांतल्या एखाद्या दुकानाची वही ठेवली जाऊं शकते!

छोट्या विक्रेत्याच्या हातीं मुख्यतः दोन हत्यारें असतात. सीपॅनेलसारख्या प्रणालीनें तो यंत्रांत खोल्या पाडतो, आणि डब्ल्यूएचएमसीएससारख्या प्रणालीनें त्यांचा हिशेब ठेवतो. पैसे भरल्याची वर्दी बँकेकडून आली, कीं कांहीं क्षणांत खोली उघडते. मुदत जवळ आली कीं बिल जातें, नंतर स्मरणपत्रें जातात. पैसे थकले तर खोली बंद होते, आणि आणखी कांहीं दिवस गेले तर आंतील सामानासकट पुसली जाते. या यंत्राला भीड नाहीं, लोभही नाहीं. ओळखीच्या ग्राहकाकडे तगादा लावण्याचा जो संकोच दुकानदाराला वाटतो, तो त्यानें नाहींसा केला आहे, आणि हा त्याचा खरा गुण आहे.

पण याच दुकानाचा जमाखर्च मांडून पाहूं. समजा, एखाद्या विक्रेत्याचे चाळीस ग्राहक आहेत व प्रत्येकजण कर सोडून महिना १५० रुपये देतो. जमा झाली ६,००० रुपये. यंत्राचें भाडें २,५०० आणि प्रणालींचें भाडें १,५०० वजा जातां हातीं २,००० उरतात. यांतले दहा ग्राहक सोडून गेले, तर जमा ४,५०० वर येते, पण भाडें कमी होत नाहीं. हातीं उरतात ५०० रुपये. यंत्राचें भाडें डॉलरमध्यें द्यावयाचें असेल तर आणखीच पंचाईत. २०१३ मध्यें मे महिन्याच्या आरंभीं सुमारें ५४ रुपयांना मिळणारा डॉलर ऑगस्टच्या अखेरीस ६८ रुपयांच्या घरांत गेला. २,५०० चें भाडें त्या हिशेबानें जवळजवळ ३,१५० होतें, आणि उरलेला नफाही नाहींसा होतो.

हत्यारांचे मालकही भाडें वाढवूं शकतात. २०१९ च्या जून महिन्यांत सीपॅनेलनें आपला दर बदलला. तोंवर यंत्रामागें ठरलेला दर होता, मग एका यंत्रांत कितीही खोल्या असोत. यापुढें खोल्यांच्या संख्येवर आकार पडूं लागला. एका यंत्रांत शेंकडों स्वस्त खोल्या थाटून बसलेल्या विक्रेत्यांचें गणित एका जाहिरातीसरशीं कोलमडलें. आपण दुकानाचे मालक आहोंत असें ज्यांना वाटत होतें, त्यांना आपण मक्तेदार आहोंत हें त्या दिवशीं कळलें.

दुसरा धोका वहीचा. २०१२ च्या मे महिन्यांत डब्ल्यूएचएमसीएस कंपनीच्याच यंत्रांत कांहीं उपद्रवी लोक शिरले आणि तिच्या ग्राहकांची माहिती त्यांनीं चव्हाट्यावर मांडली. त्यांनीं कुलूप फोडलें नव्हतें. ज्या ठिकाणीं कंपनीनें जागा भाड्यानें घेतली होती तेथील माणसांना, आपणच मालक आहोंत, असें भासवून त्यांनीं किल्ली मिळविली होती. जगभरच्या विक्रेत्यांना हिशेबी यंत्र पुरविणारी कंपनी स्वतःही कोणाची तरी भाडेकरू होती, आणि तिचा घात माणसाच्या भोळेपणानें झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. मक्त्याच्या काळीं शेतकऱ्याला वरचा व्यवहार दिसत नसे. आजच्या ग्राहकालाही तो दिसत नाहीं. त्यानें आपले १५० रुपये वेळेवर भरले, यंत्रानें त्याला पावती दिली. पण विक्रेत्यानें कोठारवाल्याचें बिल थकविलें तर कुलूप वरूनच लागतें, आणि चाळीसांच्या चाळीस खोल्या एकदम अंधारांत जातात. तेथें ज्याची पावती आहे आणि ज्याची नाहीं ते दोघे सारखेच. हिशेबी यंत्र खालच्या ग्राहकाला क्षमा करीत नाहीं, आणि वरच्या मालकाचें यंत्र मधल्याला करीत नाहीं. प्रत्येक वही आपल्यापुरती बिनचूक असते. अन्याय घडतो तो दोन वह्यांच्या मधल्या जागेंत, आणि ती जागा कोणतेंच यंत्र पाहत नाहीं.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. रिझर्व्ह बँकेनें १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आणलेल्या नियमानें, कार्डावरून आपोआप पैसे कापण्यापूर्वीं चोवीस तास ग्राहकाला सूचना देणें बंधनकारक झालें आणि ५,००० रुपयांवरील रकमेसाठीं प्रत्येक वेळीं त्याची संमति लागूं लागली. ही मर्यादा २०२२ मध्यें १५,००० करण्यांत आली. भिंतीवरचा मीटर जें काम करीत असे त्याच जातीचें हें काम आहे. परंतु तो नियम आपले पैसे राखतो, खोलींतलें सामान राखीत नाहीं. तें आपलें आपणच राखलें पाहिजे. संकेतस्थळाचें नांव विक्रेत्याच्या नव्हे तर स्वतःच्या नांवावर नोंदवावें, आणि आंतील सर्व लेखांची एक नक्कल दर महिन्यास आपल्या घरीं आणून ठेवावी. एवढें केलें म्हणजे दुकान बुडालें तरी बिऱ्हाड दुसरीकडे हलवितां येतें.

आठवड्याच्या बाजारांतल्या मिठाच्या व्यापाऱ्याकडे जाणारी शहाणी गृहिणी त्याला चोर समजत नाहीं. त्याच्यावांचून तिला पेठेपर्यंत पायपीट करावी लागली असती हें ती जाणून असते. पण ती तागडीवर नजर ठेवते, आणि घेतलेलें मीठ त्याच्या दुकानांत ठेवून न येतां घरीं घेऊन येते. मेघांतल्या या नव्या बाजारांतही आपलें वागणें याहून निराळें असण्याचें कारण नाहीं.