झोंबीचं मूळ गाव

परवा नातवाला विचारलं, काय वाचतोयस रे? मान वर न करता म्हणाला, "झोंबी." मला केवढा आनंद झाला! म्हटलं, पोरगं अखेर आनंद यादवांपर्यंत पोचलं. १९८७ सालचं पुस्तक, त्यातले प्रसंग वर्गात कितीदा सांगितलेत मी. चष्मा लावून पाहते तर टॅबवर जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, आणि पांढऱ्या डोळ्यांची प्रेतं भर रस्त्यातून चाललेली!

मग त्याने गोष्ट समजावली. रोग पसरतो, मेलेले उठून जिवंतांना चावतात, ज्याला चावतील तोही त्यांच्यातलाच होतो. नायक काही वर्षं तग धरतो आणि शेवटी मरतो. डोळे उघडतो तर रोग सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, आपल्याच खोलीत! पुढे काय होणार ते सगळं आठवतंय. लगेच तांदूळ, पाणी, काडेपेट्या साठवायला लागतो. याला म्हणे 'रिग्रेशन' म्हणतात.

आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं, त्यामुळे भूत दिसलं तरी आधी विचारावंसं वाटतं, बाबा रे, तू मूळचा कुठला? शोधत गेले ती थेट हैतीला पोचले.

हैती म्हणजे तेव्हाची फ्रेंचांची सँ-दोमिंग ही वसाहत. १७८९ च्या सुमारास तिथे जवळजवळ पाच लाख गुलाम होते, आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले. उसाच्या मळ्यात राबायचं आणि मरायचं. मेल्यावर आत्मा समुद्रापलीकडे आपल्या 'गिने'ला, म्हणजे आफ्रिकेला परत जातो, अशी त्यांची श्रद्धा. तेवढीच एक सुटका. झोंबी म्हणजे जिची तीही सुटका हिरावली गेली अशी व्यक्ती. मांत्रिक प्रेत उठवतो आणि पुन्हा मळ्यात जुंपतो. हा झोंबी कुणाला चावत नाही, तो नुसता राबतो. म्हणजे तिथल्या माणसांना झोंबीची भीती नव्हती. आपण झोंबी होऊ, ही भीती होती.

त्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं, फ्रेंच फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र देश जाहीर केला. फ्रेंच राज्यक्रांती मी इतकी वर्षं शिकवली, बास्तीय ते नेपोलियन, पण हैतीवर एक वाक्य बोलल्याचं आठवत नाही. असो.

१९१५ मध्ये अमेरिकेने हैती ताब्यात घेतलं ते १९३४ पर्यंत. रस्ते बांधायला गावकऱ्यांना वेठीला धरलं, साखर कंपनी जोरात होती. त्या काळात विल्यम सीब्रुक नावाचा लेखक तिथे गेला. त्याच्या १९२९ च्या पुस्तकात साखर कंपनीच्या मळ्यात राबणाऱ्या झोंबींची एक हकिकत आहे. त्यांच्या जेवणात मीठ घालायचं नाही असा दंडक होता. एक दिवस मुकादमाच्या बायकोला दया येते, ती त्यांना जत्रेला नेते आणि मिठाई खाऊ घालते. तिला ठाऊक नसतं, पण मिठाईतल्या दाण्यांना मीठ लावलेलं असतं. ते जिभेवर पडताच त्यांना कळतं, आपण मेलेलो आहोत. उठतात आणि चालत चालत आपापल्या गावच्या थडग्यांकडे जातात. आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, म्हणजे धन्याशी इमान राखतो. तिथे मिठाने जाग आली की माणूस धन्याला सोडून निघून जातो! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून होते.

पुढचं माहितीतलं आहे. १९३२ चा पहिला झोंबीपट, त्यातही साखरेचा कारखाना आहे. मग १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोने प्रेतांना माणसं खायला लावलं. मजा म्हणजे त्या चित्रपटात झोंबी हा शब्दच नाही. त्याचा १९७८ चा चित्रपट पुढच्या वर्षी जपानमध्ये 'झोंबी' याच नावाने लागला. १९९६ मध्ये जपानी कंपनीचा 'बायोहॅझर्ड' हा व्हिडिओ गेम आला आणि तिथली मुलं वेडी झाली. जपानमध्ये जवळजवळ सगळेच मृतदेह आपल्यासारखे दहन करतात. थडग्यातून उठणार कोण? म्हणूनही असेल, तिथे मांत्रिक चालला नाही, विषाणू चालला.

त्यातली एक मांगा नातवाने मला मुद्दाम दाखवली, २०१८ मध्ये सुरू झालेली 'झोम १००'. तीन वर्षं ऑफिसात रात्रंदिवस पिळवटलेला तरुण. एका सकाळी बाहेर झोंबीच झोंबी दिसतात आणि हा आनंदाने ओरडतो, आता कामावर जायला नको! मळ्यातून निघालेलं भूत दोनशे वर्षं फिरून पुन्हा नोकरीच्याच दारात आलं.

मागे परतायची कल्पनाही जपान्यांना नवी नाही. १९६० च्या दशकात त्सुत्सुई यासुताका यांनी काळात उडी मारणाऱ्या शाळकरी मुलीची कादंबरी लिहिली. २००४ च्या साकुराझाका हिरोशी यांच्या कादंबरीत सैनिक मरतो आणि पुन्हा आदल्या दिवशी जागा होतो, कितीतरी वेळा. म्हणजे एका भुताला मरण मिळत नाही म्हणून शिक्षा, आणि या नायकाला मरण टिकत नाही म्हणून संधी. नातवाच्या गोष्टीत दोन्ही एकत्र आली आहेत.

वाचता वाचता त्याने विचारलं, "आजी, तुला परत जाता आलं तर कुठली तारीख?"

मी म्हटलं, बघू, विचार करून सांगते. विचार करायची गरज नव्हती. दादाची मुलं हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथे लिहिते. मार्च २०२१ चा शेवटचा आठवडा. घरी छोटंसं कार्य होतं, दादा यायला तयार नव्हता. मीच फोन केला. "दोन दिवस ये रे, काही होत नाही, आपण सगळी घरचीच तर आहोत." तो आला. एप्रिल संपायच्या आत गेला. तुम्ही मुलांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाहीत. तो फोन कुणी केला होता, हे तुम्हाला माहीत आहे की नाही, तेही मी कधी विचारलं नाही.

त्या नायकाला परत गेल्यावर केवढी धावपळ! धान्य, शस्त्रं, पक्कं दार. मला काहीच जमवायला नको. फक्त एक फोन करायचा नाही.

तेरा भाग झाले वाचून. नायकाने दार बंद केलंय, घरात तांदूळ भरपूर आहे. त्याची बहीण दुसऱ्या गावात आहे आणि त्याने तिला अजून कळवलेलं नाही. पुढचा भाग रविवारी येतो म्हणे.