निळे पाकीट

दाराच्या फटीतून निळे पाकीट आत पडले, की कर खात्याचे पत्र आले हे न उघडताच कळते. मंडळाच्या कामात आम्ही अशी पुष्कळ पाकिटे पाहिली. काही तर महिना-महिना न फोडता फ्रिजवर ठेवलेली. आपल्याला वाटते, ही भीती परक्या भाषेची. पण सरकारी कागदाला इथले डच गरीबही आपल्याइतकेच बिचकत आले आहेत, आणि त्यावर तोड काढणारेही इथलेच.

१९६९ साली टिलबर्गला कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पहिले 'रेख्ट्सविंकेल' उघडले. विंकेल म्हणजे दुकान. 'रेख्ट' या शब्दाचे मात्र मराठीत दोन अर्थ होतात, कायदा आणि हक्क. तेव्हा कायद्याचे दुकान म्हणा, की हक्कांचे. वकिलाच्या कचेरीची पायरी चढायला कचरणारा कामगार किंवा भाडेकरू दुकानात सहज शिरेल, एवढीच त्यामागची कल्पना. सल्ला अर्थातच फुकट. पुढच्याच वर्षी 'आर्स एक्वी' या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाने खास अंक काढून, वकील मंडळी गरिबांपर्यंत पोहोचतच नाहीत, असे खडसावून सांगितले. मग शहरोशहरी अशी दुकाने निघाली. सरकारलाही जाग आली आणि सरकारी खर्चाने कायदा-साहाय्य कचेऱ्या सुरू झाल्या. या शतकाच्या आरंभी त्यांची जागा 'युरिडिश लोकेट'ने घेतली. तिथे आजही सल्ला विनामूल्य मिळतो.

इतकी सोय असताना 'टूस्लाख'चे प्रकरण घडले, हे आम्हाला जास्त विचार करायला लावते. टूस्लाख म्हणजे पाळणाघर, घरभाडे, आरोग्य विमा यांसाठी मिळणारी सरकारी मदत. ती उत्पन्नाच्या अंदाजावर आगाऊ मिळते, हिशेब मागाहून. पाळणाघराच्या बाबतीत एखादा कागद कमी पडला किंवा आपल्या वाट्याचे थोडे पैसे भरायचे राहिले, तर कर खाते वर्षाची सगळी रक्कम परत मागे. हजारो युरो, तेही अशा घरांकडून जिथे महिनाअखेर कशीबशी गाठली जाते. २०१४ मध्ये आइंडहोवनच्या एका पाळणाघर-संस्थेमार्फत मुले ठेवणाऱ्या सुमारे ३०० पालकांची मदत फसवणुकीच्या संशयावरून थांबवली गेली. त्यांच्या बाजूने एव्हा गोन्झालेस पेरेस या वकीलबाई लढल्या. २०१७ मध्ये राष्ट्रीय ओम्बुड्समननेही खात्याला दोष दिला. अर्जदारांचे दुहेरी नागरिकत्व ज्या तऱ्हेने नोंदवले व वापरले गेले ते बेकायदा आणि भेदभावाचे होते, असा निर्वाळा माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये दिला. त्याच डिसेंबरात संसदीय समितीचा अहवाल आला. त्याचे नाव 'ओंगेकेंड ओनरेख्ट', म्हणजे अभूतपूर्व अन्याय. (शब्द पुन्हा तोच, फक्त उलटा.) १५ जानेवारी २०२१ रोजी रुटे मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बाधित पालकांना निदान ३०,००० युरो भरपाई जाहीर झाली, पण तोवर कित्येकांची घरे गेली होती, संसार मोडले होते.

आमच्याकडे डॉक्टरेट आहे, तरी पाळणाघराच्या पहिल्याच अर्जात आम्ही उत्पन्नाचा अंदाज चुकवला आणि पैसे परत भरले. दोन पगारांच्या घराला ते झेपले. उपाहारगृहात तासांवर काम करणाऱ्या आपल्या एखाद्या बांधवाचे उत्पन्न तर दर महिन्याला बदलते. त्याने वर्षाचा अंदाज करायचा तरी कसा? म्हणून काहीजण हक्काची मदत मागतच नाहीत. आम्हाला हे पटत नाही, पण त्यांची धास्ती समजते.

मंडळाच्या मासिक सभेत चहाच्या टेबलाशेजारी आम्ही तिघे-चौघे कागद वाचायला बसतो. आमच्यात वकील कोणी नाही. अडले तर लोकेटला फोन लावतो, सोबतही येतो. पाकीट मात्र लवकर फोडून आणावे. हरकतीची मुदत पत्रावरच्या तारखेपासून धरतात, फोडल्या दिवसापासून नाही.