आठवडाभर दिसलेली फिल्म

२८ फेब्रुवारी २०१५, शनिवार. चिनी नववर्षाच्या सुट्ट्या नुकत्याच संपल्या होत्या आणि गावी गेलेली माणसं शहरांत परतत होती. त्या दिवशी चीनमधल्या मोठ्या व्हिडिओ साइट्सवर एक फिल्म आली. स्टेजवर एक बाई उभी आहे, पांढरा शर्ट आणि जीन्स घातलेली. तिच्यामागे मोठा पडदा, समोर अंधारात बसलेले प्रेक्षक. ती १०४ मिनिटं हवेबद्दल बोलते. तीन दिवसांत ही फिल्म १५ कोटींहून जास्त वेळा पाहिली गेली. आठवडा झाला आणि ती चीनमधल्या सगळ्या साइट्सवरून गायब झाली.

फिल्मचं इंग्रजी नाव 'अंडर द डोम'. मराठीत 'घुमटाखाली' म्हणू. बाईंचं नाव चाय जिंग. त्या सीसीटीव्हीत पत्रकार होत्या. (कॅमेरावाला सीसीटीव्ही नव्हे, चायना सेंट्रल टेलिव्हिजन, म्हणजे तिथलं सरकारी दूरदर्शन.) २००३ च्या सार्सच्या साथीत वॉर्डांमध्ये जाऊन वार्तांकन केल्यामुळे देशभर ओळखीचा झालेला चेहरा. २०१४ मध्ये नोकरी सोडली आणि स्वतःचे सुमारे १० लाख युआन घालून ही फिल्म केली.

मी ही फिल्म पाहिली ती बरीच उशिरा, यूट्यूबवर, स्वयंसेवकांनी घातलेल्या इंग्रजी सबटायटल्सच्या आधाराने. तोवर तिच्यावर बंदी आल्याचं माहीत होतं. अशा फिल्मबद्दल आपल्या डोक्यात एक ठरलेली गोष्ट तयार असते: धाडसी पत्रकार, घाबरलेलं सरकार, विषय संपला. पण त्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया एकामागून एक वाचत गेलो, तशी ती ठरलेली गोष्ट टिकेना.

आधी तेव्हाची हवा कशी होती ते पाहू. बीजिंगमधल्या अमेरिकन वकिलातीने २००८ मध्ये छपरावर हवा मोजण्याचं यंत्र बसवलं आणि पुढे त्याचे आकडे तासातासाला ट्विटरवर येऊ लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये आकडा ५०० च्या वर गेला. मोजपट्टी तिथेच संपते. त्यापुढच्या हवेसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणीतरी गंमत म्हणून 'क्रेझी बॅड' असे शब्द घालून ठेवले होते, तेच जगासमोर झळकले. १२ जानेवारी २०१३ ला आकडा ७५५ झाला. तोपर्यंत चीनमध्ये बहुतेक लोक या सगळ्याला धुकंच म्हणत. विमानं धुक्यामुळे रद्द, हायवे धुक्यामुळे बंद. (आपल्याकडेही मुंबईत डिसेंबरच्या सकाळी 'काय मस्त धुकं पडलंय' असे स्टेटस पडतातच.) आपणही इतकी वर्षं त्याला धुकंच समजत होतो, अशी कबुली चाय जिंग फिल्ममध्ये देतात. ही कबुली मला फिल्ममधल्या सगळ्या आलेखांपेक्षा मोलाची वाटते.

जानेवारी २०१३ मध्ये त्या गरोदर होत्या आणि कामासाठी याच हवेत प्रांतामागून प्रांत फिरत होत्या. मुलगी जन्मली ती अंगात गाठ घेऊन. गाठ कर्करोगाची नव्हती, पण जन्मल्याबरोबर शस्त्रक्रिया करावी लागली. तिला घरी आणल्यावर हवेची भीती बसली. २०१४ मध्ये बीजिंगमध्ये १७५ दिवस हवा प्रदूषित होती. त्या दिवशी पोरीला घरातच ठेवायचं. ती खिडकीच्या काचेवर हात आपटायची. तसंच आणखी एक दृश्य आहे, २००४ मधलं. चाय जिंग शान्शी या कोळशाच्या प्रांतात, म्हणजे स्वतःच्याच प्रांतात, सहा वर्षांच्या एका मुलीला विचारतात: तारे पाहिलेस का? नाही. निळं आकाश? थोडंसं निळं. पांढरे ढग? नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या प्रतिक्रिया याच दोन मुलींभोवती फिरल्या. आईबापांनी लिंक एकमेकांना पाठवली. वीचॅटवर कुठल्याही ग्रुपमध्ये गेलात तरी फिल्म समोर यायचीच. सरकारी 'पीपल्स डेली'च्या वेबसाइटने फिल्म स्वतः दाखवली, वर चाय जिंग यांची मुलाखतही छापली. सोमवारी शेअर बाजार उघडला तेव्हा प्रदूषण नियंत्रणाची यंत्रं बनवणाऱ्या काही कंपन्यांचे भाव १० टक्क्यांनी वर जाऊन थांबले, कारण एका दिवसात त्याहून वर जायला तिथे तेव्हा परवानगीच नव्हती. फिल्म पाहून कोण रडलं याची गणती नाही, पण कुणी शेअर घेतले त्याची आहे.

मग दुसरी लाट आली. या बाई बाळंतपणाला अमेरिकेत गेल्या होत्या, त्यांनी आम्हाला देशाच्या हवेबद्दल काय सांगायचं? त्या सिगारेट ओढायच्या ना? मोठी गाडी चालवतात ना? गाठ आणि धुरकं यांचा संबंध कोणत्या डॉक्टरने सिद्ध केलाय? (तसा दावा फिल्ममध्ये कुठेही थेट केलेला नाही, पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बघणारा त्या जोडतोच, आणि हे चाय जिंग यांना कळत नसेल असं नाही. इथे टीकाकारांचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नाही.) काहींना यात परदेशी पैशाचा वास आला. आणखी एक गट होता, त्याचं म्हणणं जास्त गंभीर होतं: निळं आकाश ही पोट भरलेल्यांची मागणी आहे, कारखाना बंद पडला तर ज्याची चूल विझेल त्याला विचारा.

या गदारोळात फिल्मचा उत्तरार्ध हरवला असं मला वाटतं. पहिला भाग भीतीचा आहे, दुसरा उपायांचा आणि खरा तिखट भागही तोच आहे. ट्रकवर नव्या प्रदूषण मानकाचा शिक्का असतो, पण आत जुनंच इंजिन. हे तपासायचा अधिकार कायद्यातल्या एका कलमात आहे. ते राबवायचं कुणी, असं विचारलं की एक सरकारी खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. पेट्रोल-डिझेल किती स्वच्छ असावं हे ठरवणाऱ्या समितीत तेल उद्योगाचीच माणसं जास्त. पर्यावरण खात्याचा एक अधिकारी तर म्हणतो की तोंड उघडायची भीती वाटते, आपल्याला दात नाहीत हे दिसून जाईल. मग चाय जिंग लंडन आणि लॉस एंजेलिसला जातात. लंडनमध्ये १९५२ च्या धुरक्याने हजारो माणसं गेली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. कॅलिफोर्नियात ट्रकला धूर गाळणारी जाळी बसवली नाही तर रस्त्यावर अडवतात. म्हणजे हे जमतं, इतरांनी केलेलं आहे.

आणि शेवटी एक फोन नंबर, १२३६९. पर्यावरणाच्या तक्रारींची हेल्पलाइन. जवळच्या बांधकामाची उघडी माती, हॉटेलच्या स्वयंपाकघरातला धूर, पेट्रोल पंपावरची वाफ, अशा छोट्या छोट्या तक्रारी करून त्या सोडवून घेतल्याचं चाय जिंग दाखवतात. बघणाऱ्याच्या हातात काहीतरी देण्याचा हा प्रयत्न होता. यावर पुष्कळ लोक हसले. इतक्या मोठ्या रोगाला फोन नंबरचं औषध! पण सत्तेच्या बाजूने पाहिलं तर हसण्यासारखं काही नव्हतं. कोट्यवधी लोकांनी एकाच आठवड्यात एकच नंबर फिरवायचं ठरवलं, तर ती नुसती तक्रार राहत नाही.

रविवारी, १ मार्चला, चेन जिनिंग पत्रकारांशी बोलले. ते दोनच दिवसांपूर्वी पर्यावरणमंत्री झाले होते, त्याआधी छिंगह्वा विद्यापीठाचे प्रमुख होते. फिल्म पूर्ण पाहिली, चाय जिंग यांना आभाराचा मेसेज पाठवला, असं त्यांनी सांगितलं आणि तिची तुलना रेचल कार्सनच्या 'सायलेंट स्प्रिंग'शी केली.

मंत्र्यांनी कौतुक म्हणून केलेली ही तुलना त्यांना वाटली असेल त्याहून जास्त खोल जाते. कारण कार्सनच्या पुस्तकाचीही एक टीव्ही फिल्म झाली होती.

'सायलेंट स्प्रिंग' सप्टेंबर १९६२ मध्ये आलं. डीडीटीसारखी कीटकनाशकं पक्ष्यांपासून माणसांपर्यंत सगळ्यांच्या शरीरात कशी साचतात, हा त्याचा विषय. ३ एप्रिल १९६३ ला अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने त्यावर तासाभराचा कार्यक्रम दाखवला. आधीच वाहिनीकडे विरोधाच्या पत्रांचा ढीग पडला होता आणि पाच प्रायोजकांपैकी तिघांनी माघार घेतली होती. कार्यक्रमात एका बाजूला रसायन कंपनीचे शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स, पांढरा कोट, चढा आवाज, कीटकनाशकं नसतील तर अंधारयुग येईल अशी भाषा. दुसऱ्या बाजूला घरात बसून शांतपणे बोलणारी कार्सन. तिला कर्करोग झाला होता आणि तो तिने जगापासून लपवला होता. एक ते दीड कोटी लोकांनी हे पाहिलं. पुस्तक न वाचलेल्या लोकांनी त्या रात्री दोन माणसं शेजारी शेजारी पाहिली आणि कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवलं.

कार्सनलाही 'तू कोण सांगणार?' हा प्रश्न चुकला नव्हता. लग्न न केलेल्या, मूल नसलेल्या बाईला पुढच्या पिढ्यांची एवढी चिंता कशाला, असं तिच्याबद्दल बोललं गेलं. (खरं तर अनाथ झालेल्या नात्यातल्या एका लहान मुलाला तिने दत्तक घेतलं होतं.) बावन्न वर्षांनी चाय जिंग यांच्याबाबत आक्षेप उलटा झाला: ही आई आहे, म्हणून भावनेच्या भरात बोलतेय. एकीला मूल नाही म्हणून बोलायचा हक्क नाही, दुसरीला मूल आहे म्हणून नाही.

इथून पुढे मात्र दोन्ही गोष्टींच्या वाटा वेगळ्या होतात. अमेरिकेत त्या कार्यक्रमानंतर लगेच सिनेटच्या समितीसमोर सुनावणीची चक्रं फिरली. १५ मेला राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला, त्याने कार्सनचं म्हणणं बऱ्याच अंशी उचलून धरलं. जूनमध्ये तिने स्वतः सिनेटर्ससमोर साक्ष दिली. पुढच्या एप्रिलमध्ये ती गेली. डीडीटीवर बंदी यायला १९७२ उजाडलं. वेळ लागला, पण प्रत्येक पायरी लोकांच्या डोळ्यांसमोर होती आणि विरोधकांनाही प्रत्येक पायरीवर बोलता आलं.

चीनमध्ये ५ मार्चला संसदेचं अधिवेशन सुरू झालं. पंतप्रधान ली खछियांग यांच्या भाषणात प्रदूषणाचा उल्लेख होता, त्यांनी आदल्या वर्षीच प्रदूषणाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. फिल्मबद्दल मात्र माध्यमांना गप्प राहण्याच्या सूचना गेल्या होत्या. ७ मार्चला चेन जिनिंग पुन्हा पत्रकारांसमोर आले, तेव्हा त्यांनी फिल्मचं नावही काढलं नाही. तोवर ती साइट्सवरून उतरली होती. शिआन शहरात मूठभर लोक मास्क लावून, धुरक्याविरुद्ध फलक घेऊन उभे राहिले, तर त्यातल्या काहींना पोलिसांनी धरलं.

म्हणजे सरकारला उपाय नको होते का? तसं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच सुरुवातीची ठरलेली गोष्ट इथे टिकत नाही. कारखाने हलवले, बॉयलर बदलले, गाड्यांचे नियम कडक केले. बीजिंगच्या हवेतल्या पीएम २.५ कणांची वर्षाची सरासरी २०१३ मध्ये घनमीटरमागे ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०१७ मध्ये ५८ झाली, २०२४ मध्ये ३०.५. आपल्याकडे भारताने ठरवलेली मर्यादा ४० आहे. एवढ्या मोठ्या शहराची हवा इतक्या कमी वर्षांत इतकी सुधारल्याची उदाहरणं जगात फार नाहीत. फिल्मने मागितलेलं पुष्कळसं झालं. फक्त ज्यांनी फिल्म पाहिली होती, त्यांना त्यात बोलायला जागा नव्हती.

त्याची किंमत २०१७ च्या हिवाळ्यात दिसली. फिल्मचा एक आग्रह होता की चीनने कोळसा कमी करून नैसर्गिक वायू वाढवावा. तसंच ठरलं. उत्तर चीनमध्ये लाखो घरांच्या कोळशाच्या शेगड्या काढून गॅसचे हीटर बसवायचं लक्ष्य ठरलं आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी ते तारखेच्या आत पुरं करायचा धडाका लावला. शेगड्या काढल्या, पण गॅस सगळीकडे पोचलाच नाही. हेबे प्रांतातल्या एका गावच्या शाळेत वर्ग इतके गार होते की मुलांना बाहेर उन्हात बसवून शिकवलं. डिसेंबरमध्ये पर्यावरण खात्याला तातडीचं पत्र काढावं लागलं: जिथे सोय झाली नाही, तिथे कोळसा जाळू द्या. बीजिंगचं आकाश त्या हिवाळ्यात निळं होतं. चुलीबद्दल बोलणारा तो तिसरा गट आठवतो ना? २०१५ मध्ये त्यांचा मुद्दा दोन-चार दिवस तरी मांडला गेला. तो वाद वर्षभर चालू दिला असता तर शेगडी आधी काढायची की पाइप आधी टाकायचा, हा साधा प्रश्न कुणीतरी वेळेवर विचारला असता, असं मला वाटतं.

चाय जिंग पुढे कुटुंबासह स्पेनला गेल्या. अनेक वर्षं त्यांचं नवं काम दिसलं नाही. २०२३ मध्ये त्यांनी यूट्यूबवर चॅनल सुरू केलं, आता तिथे मुलाखती घेतात. 'घुमटाखाली'ही यूट्यूबवर सापडते, पण चीनमध्ये यूट्यूब उघडत नाही. काचेवर हात आपटणारी ती मुलगी बारा वर्षांची होऊन गेली. बीजिंगची हवा सुधारली तेव्हा ती तिथे नव्हती.