इसबगोलातला घोडा

इसबगोलाच्या नावात घोडा दडलाय. फारसीत ‘अस्प’ म्हणजे घोडा, ‘गोल’ म्हणजे कान. होडीसारखं खोलगट बी कुणा इराण्याला घोड्याच्या कानासारखं दिसलं. ग्रीकांना याच कुळातल्या बियांत पिसू दिसली, म्हणून ‘सिलियम’.

आपल्याकडे काही जण मूळ शब्द ‘ईषद्गोल’, म्हणजे किंचित गोल, असा सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. एक तर बी गोल नाहीच. शिवाय ईषद्गोलातून ‘ब’ येणार कुठून? अस्पगोलात ‘प’ आहे. पुढच्या ‘ग’च्या शेजारानं त्याचा ‘ब’ होतो; हिंदीत ‘ईसपगोल’ अजून चालतंच. गुजरातीत तर याला ‘घोडाजिरू’ही म्हणतात, म्हणजे घोडा तिथेही सुटलेला नाही. संस्कृत नाव हे परक्या पाहुण्याच्या खांद्यावर मागाहून टाकलेलं उपरणं.

मग आमच्या मनमाडकडे हा शब्द कुठून आला? पीक उत्तर गुजरातचं, बाजार उंझ्याचा, तेव्हा व्यापाऱ्यांबरोबर आला असेल, हे सोपं उत्तर. माझा कौल हकिमांना. युनानीची परंपरा शेजारीच आहे. मालेगावला मन्सुऱ्यात तिचं महाविद्यालय आहे. माल गुजरातेतून, नाव दख्खनी उर्दूतून!

१९३४ मध्ये अमेरिकेनं हेच बी ‘मेटाम्युसिल’ म्हणून डब्यात भरलं. आता ते आयबीएसच्या, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, चिठ्ठीवर असतं. हा आजार ठरवायच्या २०१६ च्या रोम निकषांनुसार तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं. शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांतला बदल, घट्ट-पातळपणातला बदल, यांतलं दोन तरी जुळायला हवं आणि त्रासाला सहा महिने झालेले हवेत. शौचातून रक्त, घटतं वजन, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास असेल, तर इसबगोल बाजूला, तपासणी आधी.

नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांच्या २७५ रुग्णांवरची तुलना २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात आली. रोज १० ग्रॅम इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा तांदळाचं पीठ, बारा आठवडे. इसबगोल सरस ठरलं. कोंडा घेणारे बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच थांबले. मनमाडला अन्न महामंडळाच्या गव्हाच्या गोदामांशेजारी राहणाऱ्यांना हे कसं सांगावं! इसबगोलाचा बुळबुळीत गर पाणी धरतो, म्हणून खडा मऊ होतो आणि पातळही बांधून येतं. आतड्यातले जिवाणू त्याला फारसं आंबवत नाहीत, त्यामुळे गॅसही कमी.

वागदर्डी धरण आटलं की जिथे पंधरा-वीस दिवसांनी नळ यायचा, त्या मनमाडमध्येही इसबगोलाबरोबर पेलाभर पाणी प्यावंच लागतं. कोरडी फक्की घशातच फुगून अडकू शकते.