सुट्या पानांचा ग्रंथ आणि बाईचा हात

आज आपण बोलणार आहोत पोथीबद्दल आणि बायबलबद्दलही. दोन्ही एकत्र कसं काय, असं वाटेल. पण ऐका तर खरं.

आपल्या घरच्या जुन्या पोथ्या आठवा. आडवी, सुटी पानं. वर-खाली लाकडी फळी आणि भोवती कापडाचं बासन. वाचणारा एक पान उचलायचा, वाचायचा, उलटं ठेवायचा. पानं शिवलेली नसल्यामुळे खराब झालेलं पान नव्यानं लिहून त्या जागी ठेवता यायचं. समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, कठीण शब्दाचा अर्थ लिहिता यायचा. मात्र हे लिहिणारा हात बहुतेक वेळा पुरुषाचा असे. आयाबाया ऐकायला बसत. ऐकून त्यांना पाठही होई, पण लेखणी त्यांच्याकडे येत नसे.

पंडिता रमाबाईंच्या घरी हे उलटं झालं. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी तेच लेकीला शिकवलं. गावोगाव फिरून पुराणं सांगणारं हे कुटुंब. दुष्काळात आईवडील गेले, पण विद्या राहिली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे इंग्लंडमध्ये १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तो बाजूला ठेवून आपण त्यांचं एक काम पाहू.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाई या प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन गेल्या. तिथं 'मुक्ती' उभं राहिलं. मुलींना शेती, विणकाम, शिवण शिकवलं आणि छापखान्याचं कामही.

छापखान्याचं काम सोपं नव्हतं. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवायची. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं यांमुळे मराठीचे खिळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त. ज्यांच्या हाती कधी पाटी आली नव्हती, अशा मुली हे शिकल्या.

बायबल मराठीत आधीपासून होतं. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ सालीच नवा करार मराठीत काढला होता. पण पुढच्या भाषांतरांतली संस्कृत वळणाची मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, असं रमाबाईंचं मत होतं. म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणायला बसल्या. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांनी असंच एकटीनं केलेलं इंग्रजी भाषांतर १८७६ साली छापलं होतं. दोघींनीही पंडितमंडळींची वाट पाहिली नाही.

हे काम वर्षानुवर्षं चाललं. या सगळ्या काळात तो ग्रंथ सुट्या पानांचाच होता. रमाबाईंनी लिहायचं, मुलींनी खिळे जुळवायचे, छापलेला कच्चा कागद परत यायचा, समासात दुरुस्त्या व्हायच्या, की पुन्हा जुळवणी. १९२१ साली लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. बांधलेला पूर्ण ग्रंथ त्यांना पाहायला मिळाला नाही.

आज परदेशात भोकं पाडलेल्या सुट्या पानांची बायबलं मिळतात. ती फायलीच्या कड्यांत बसतात. शिकवणारी बाई मधे कोरं पान घालते, त्यावर प्रश्न लिहिते, मनात आलेलं टिपून ठेवते. आपल्या पोथीचंच हे नवं रूप म्हणा ना.

सुट्या पानांना एक धोका मात्र आहे. आपल्या भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकर चक्रधरस्वामींचे शिष्य होते. त्या स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. महानुभावांची परंपरा सांगते, की स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि आठवून आठवून पुन्हा लिहावी लागली. म्हणून त्याचे पाठ वेगवेगळे.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. तुमचा ग्रंथ कोणताही असो, बायबल, गाथा, बुद्धवचन किंवा संविधान. बचत गटाच्या बैठकीत एकेक उतारा वाचा. भोकं पाडलेल्या कागदावर तीन गोष्टी लिहा: कठीण शब्द, आपला प्रश्न आणि आपल्या घरात त्याचा अर्थ काय. वर तारीख आणि पानाचा आकडा घाला, म्हणजे पानं विस्कटली तरी लावता येतील. फाईल बंद करून देव्हाऱ्यात ठेवू नका. लेकीसुनांच्या हाती द्या, आणि त्यांच्यासाठी मागे चार कोरी पानं राहू द्या.