खोडदच्या रात्रपाळीला चला

सुरगाण्याच्या स्टँडवर लाल एसटी धूर सोडत उभी आहे. खिडकीची जागा पकडा. डब्यात नागलीची भाकरी आणि खुरसणीची चटणी असू द्या, कारण आज परत यायचं नाही. बोरगाव, वणी, दिंडोरी. नाशिकला गाडी बदला. सिन्नर, संगमनेर, मग चंदनापुरीचा घाट. वळणावळणाला एकेक वर्ष गळून पडतंय, ते तुम्हाला कळतही नाही. आळेफाटा ओलांडून नारायणगावला पाय टेकवता तेव्हा २००९ चा २८ फेब्रुवारी उजाडलेला असतो. खिशात हात घाला. स्मार्टफोनच्या जागी बटणांचा फोन लागेल. फार खूश होऊ नका, तोही पुढे बंद करायचा आहे.

खोडदच्या रस्त्यावर द्राक्षांचे मळे, टोमॅटोचे क्रेट, आणि आज शाळांच्या गाड्यांची रांग. राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणजे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं फाटक सगळ्यांना उघडं. ऊन चढलंय. तुम्ही गर्दीत शिरता आणि गर्दीच तुम्हाला पुढे नेते. गणवेशातली पोरं, घामाचा वास, भेळेतला कच्चा कांदा, पायाखालची माती थेट घशात. एक मास्तर शिट्टी फुंकतायत, त्यांची रांग मात्र कधीच फुटलीय. "ओ दादा, सरका की जरा!" मागून कोपर बसतं.

आणि मग ती दिसते. ४५ मीटर व्यासाची डिश, पण आरपार आभाळ दिसतं तिच्यातून. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून ती उभी केली, त्यामुळे वजनही कमी आणि खर्चही. अशा ३० आहेत. १४ इथे एकमेकींजवळ, बाकीच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. एक पोरगं विचारतं, "यातून दिसतं काय?" काहीच नाही, असं खरं उत्तर आहे. तिथे डोळा लावायला जागाच नाही. आकाशातून येतात रेडिओ लहरी, आणि त्यांचे आकडे करावे लागतात. ते आकडे गोळा करणारा प्रोग्राम मात्र आज कुणी बघायला येत नाही. आपण त्यासाठीच आलोय.

अंधार पडू द्या. शाळांच्या गाड्या गेल्या, भेळवाला गेला. कॅन्टीनमध्ये आमटीभात ओरपून घ्या आणि आत चला. जाड धातूचं दार ढकला. आतल्या यंत्रांचा स्वतःचा रेडिओ गोंगाट बाहेरच्या डिशांपर्यंत जाऊ नये, म्हणून ही खोली अशी कोंडलेली. बाहेर दिवसभर भाजून निघालात ना? आता दातावर दात वाजतील. एसीचा थंडगार झोत, पंख्यांची अखंड घरघर, गरम सर्किटांचा तो किंचित करपट वास. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं.

सिग्नल हाताळायची जुनी सोय म्हणजे खास घडवलेल्या कार्डांची कपाटं. तिच्या बाजूला नवं प्रकरण आकार घेतंय: बाजारात मिळणारे संगणक, त्यांत सिग्नलचे आकडे करणारी कार्डं, वर लिनक्स. कपाटांचं काम आता सॉफ्टवेअरने करायचं. तुमच्या शेजारची मुलगी स्वेटर घालून, पाय खुर्चीवर घेऊन बसलीय. तिच्यापुढे काळ्या पडद्यावर आकडे धावतायत.

हिशेब ऐका. ३० डिश, प्रत्येकीचे दोन प्रवाह, म्हणजे ६०. प्रत्येकातून सेकंदाला ३.३ कोटी नमुने. सगळे मिळून सेकंदाला सुमारे दोन गिगाबाइट. तुमच्या २००९ च्या पेनड्राइव्हची काय कथा! एवढं सगळं डिस्कवर ठेवत बसलं तर डिस्क सकाळपर्यंतही पुरायच्या नाहीत. म्हणून जोड्या लावायच्या. ३० डिशांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहायचे, काही सेकंदांची बेरीज करायची, आणि तेवढीच ठेवायची. मूळ नमुने गेले ते गेले.

पण ताडायचं तर क्षण एकच हवा. लेझीमच्या पथकात एकाचा ठेका चुकला की काय होतं, ते आठवा. १४ किलोमीटरवरच्या डिशचा सिग्नल काचतंतूतून यायला ७० मायक्रोसेकंद घेतो, तेवढ्यात दोन हजारांवर नमुने निघून जातात. म्हणजे जवळच्यांना थांबवून ठेवायचं. त्यात पृथ्वी फिरतेय, त्यामुळे हा फरक क्षणाक्षणाला बदलतो आणि प्रोग्राम त्याच्या मागे पळत राहतो. घड्याळ जीपीएसचं. प्रत्येक सेकंदाला एक ठोका, आणि सगळ्या संगणकांनी त्याच ठोक्यावर मोजायला सुरुवात करायची.

"बघा हं," ती ओरडते. आलेले नमुने मेमरीतल्या एका गोल रांगेत पडतात. एक प्रोग्राम भरत जातो, दुसरा उपसत जातो. उपसणारा मागे पडला तर भरणारा थांबत नाही. तो वळसा घालून येतो आणि न वाचलेल्यावरच नवं लिहितो. आकाशाला 'जरा थांब' म्हणायची सोय नाही. या कामातली खरी अक्कल इथे लागते, असं माझं मत. आकडेमोड जलद करणारे पुष्कळ भेटतात. आपण मागे पडलोय हे वेळेवर ओळखणारा प्रोग्राम लिहिणारे थोडे.

रात्रीचे दोन. डिश आता थ्री-सी-२८६ या आकाशातल्या रेडिओ स्रोताकडे वळल्यात. त्याची तीव्रता पक्की माहीत असल्याने सगळी मोजमापं त्याच्याशी जुळवून घेतात. पडद्यावर ओळी उमटतात: सी-०५, सी-०६, सी-०८. "सातवी गाळलीत तुम्ही!" तुम्ही उत्साहाने म्हणता. ती हसते. सी-०७ नावाची डिशच नाही. नव्या माणसाने ही चूक काढली नाही, असं होत नसावं.

तेवढ्यात काही जोड्यांचे आलेख काट्यांनी भरतात. दूर कुठेतरी विजेच्या तारेवर ठिणगी उडत असेल. आकाश कुजबुजतं आणि तार बोंबलते. प्रोग्रामला दोन्ही सारखेच आकडे. ती काटे पुसत नाही. पुसायचं की ठेवायचं, ते ज्याचं निरीक्षण आहे त्याने ठरवायचं, आणि तो माणूस कदाचित युरोपात असेल. आपण फक्त खूण करायची.

कीबोर्ड तुमच्याकडे सरकतो. लॉग लिहा. वेळ आधी, मग कोणत्या डिश, मग काय दिसलं. "काहीतरी गडबड" असं लिहू नका. पहाटे पाळी बदलणारा माणूस फोन करून उठवतो.